त्या शनिवारची पेन्सिलीची खूण

आबा, इथे इस्राएलात सिनेगॉगमध्ये शनिवारी ही गर्दी असते. दहा पुरुष जमले का म्हणून कुणी दाराशी ताटकळत नाही. वाचणारा धर्मग्रंथाचे, तोराहचे, त्या आठवड्याचे सात भाग झपाझप उरकतो आणि मला अलिबागची आपली शुक्रवारची सकाळ आठवते. मी खोवणीवर नारळ खवतेय, तुम्ही पाटावर बसून छापील पुस्तकातून उद्याचं वाचन घोकताय. तोराहच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळीवर, सेफेरवर, खूण करायची नाही, म्हणून कुठे थांबायचं त्या खुणा या पुस्तकात, आणि पेन्सिल माझ्याकडे. सात जणांना एकेका भागासाठी वर तुमच्याजवळ बोलवायचं, प्रत्येकाला निदान तीन वचनं. परिच्छेद संपायला दोनच वचनं उरली असतील तर तिथे तोडायचं नाही, आणि वाईटावर तर नाहीच नाही. "मानूस चांगलं ऐकून जागेवर परतला पायजे गो," तुम्ही म्हणायचात. मला बाईमाणसाला कुणी कधी वर बोलावणार नव्हतं. पण सात पुरुषांची पाळी तुमच्या लेकीच्या खुणेवर संपायची. काय मिजास होती माझी!

मग ह्यांना इथे काम मिळालं, आमची तिकिटं आली. एकेक घर आधीच इस्राएलला गेलेलं. गावात पुरुष उरले होते बरोबर दहा, त्यात एक हे. दहाशिवाय सेफेर उघडत नाहीत; आम्ही निघालो की ते बंद. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. शेवटच्या शनिवारी ह्यांना वर बोलावलंत. शेजारी पुस्तक धरून उभ्या असलेल्या काकांनी माझ्या खुणेपाशी हात वर केला. 'रोगाने माणसं मेली' या वचनावर, नेमकं तिथे, आणि परिच्छेदाला दोन वचनं बाकी. मी बायकांच्या सज्ज्यातून बघत होते. तुम्ही थांबलाच नाहीत, चांगलं येईपर्यंत वाचत राहिलात. घरी आल्यावर एवढंच म्हणालात, "तिथं थांबायचं न्हाय, ठावं हाय ना तुला?" मी फणकारले, "आता खुणा हव्यात कशाला? सोमवारपासून नऊच उरणार तुम्ही!" तुम्ही पाणी मागितलंत, मी दिलं.

सोमवारी रेवसच्या धक्क्यावर तुम्ही फक्त ह्यांनाच बजावलंत, "तिला बोट लागते, लिंबू ठेव जवळ." इथे येऊन ट्रंक उघडली, तर साड्यांखाली ते पुस्तक, तुम्ही ठेवलेलं. वर्ष सरायच्या आत तुम्ही गेल्याची तार आली.

ती खूण पुसायला रबर घेते आणि परत ठेवते. हे पत्र तरी कुठे धाडू? त्याच पानात ठेवते. आबा, मी घाईत चुकले असं तुम्हाला वाटलं असेल. चुकले नव्हते. मुद्दाम तिथे केली होती ती खूण. तुम्ही चिडाल, ओरडाल, आणि ओरडण्याच्या भरात एकदा तरी 'जाऊ नको' म्हणाल, म्हणून. म्हणाला असतात ना, तर राहिले असते हो मी.