क्रमांक १८८

४ मार्च, सोमवार
आकडे तपासणाऱ्या यंत्राने एकच ओळ परत पाठवली! चारशे बारा घरांत कोण काय खातं, किती ग्रॅम, अंगाचं वजन किती – सगळं ठरलेल्या कोडांत भरलं होतं. अडली ती क्रमांक १८८. मुलगी, वय चार, वजन साडेअकरा किलो. तांदूळ, कोरडा, दिवसाला तीनशे दहा ग्रॅम. शेरा : 'अशक्य मूल्य.'

साहेब म्हणाले, खोडून टाका. शुक्रवारी आंतरराष्ट्रीय केंद्राकडे पाठवायचंय, एका पोरीपायी चारशे घरं अडवू नका. त्या घरी मुलाखत घेतलेली बाई नोकरी सोडून गेलीय. विचारायचं कुणाला?

५ मार्च
खोडली नाही. नवरा म्हणतो, तुला नसती उठाठेव. असेल.

६ मार्च, बुधवार
त्या घरी गेले. चौथा मजला, लिफ्ट नाही, खांद्याला वजनकाटा – जीव मेटाकुटीला आला. बाप शिंपी, घरातच मशीन. आधी वैतागला : एकदा सगळं सांगितलंय की. मग मशीन थांबवून त्याने घरातला एकेक डबा माझ्यापुढे मांडला.

पोरीला दूध, गहू, अंडं, डाळ काहीच चालत नाही. ओठ सुजतात, श्वास अडकतो. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. म्हणून तीन वर्षं फक्त तांदूळ – भात, पीठ शिजवून, पिठाची बिस्किटं. त्याला प्रत्येक वाटीचं माप तोंडपाठ! मी एकेक मोजत गेले. बेरीज तीनशे अठरा. म्हणजे आधीच्या बाईने उलट आठ ग्रॅम कमीच लिहिले होते.

पोर आपणहून काट्यावर चढली, आकडा वाढावा म्हणून गाल फुगवून उभी राहिली. अकरा किलो सहाशे. शंभर ग्रॅम वाढले म्हटल्यावर बापाने तोंड फिरवलं.

तांदळात जमिनीतून आर्सेनिक हे विष उतरतं, आणि आमची सगळी मोजदाद अन्नात ते किती चालेल, ती मर्यादा ठरवण्यासाठीच आहे. घरच्यांना सल्ला द्यायचा नाही, असा आम्हाला नियम. मी तो मोडला. म्हटलं, घाबरू नका, पण पुढच्या वेळी डॉक्टरांना हे एवढं विचारा, तांदळाऐवजी अधूनमधून दुसरं कुठलं धान्य तिला सोसेल का. कागदावर लिहूनही दिलं.

निघताना तो म्हणाला, "ताई, एवढ्या आकड्यांत आमची एक पोर कुठे दिसणार?"



७ मार्च
साहेबांना सगळं सांगितलं, नियम मोडल्याचंही. रागावतील वाटलं होतं. त्यांनी नियमावली काढून स्वतः कोड शोधला – घरी जाऊन पडताळलेल्या, नेहमीपेक्षा वेगळ्या आकड्याचा कोड. असा कोड आहे! आम्ही कधी वापरलाच नव्हता.

"अशा किती ओळी खोडल्या असतील मी, बाई," एवढंच म्हणाले.

८ मार्च, शुक्रवार
पाठवली. स्वीकारली गेली.

कितीतरी देशांच्या ओळी आज एका जागी जमल्या असतील. त्यांत कुणाचं नाव नाही, कुणाची भाषा नाही, 'भात' हा साधा शब्दसुद्धा नाही. नुसते आकडे. आणि तरी त्या पोरीचा एक चमचासुद्धा वाटेत सांडत नाही. वीस वर्षं हे काम करतेय. त्याचा आवाका आज पहिल्यांदा कळला, आणि चहा घ्यायचंही सुचेना.

१९ एप्रिल, शुक्रवार
केंद्राचं पत्र आलं. पडताळणी करून पाठवलेल्या अशा ओळी सगळीकडून मिळून दोन हजार एकशे सहा. फक्त तांदळावर जगणारी दोन हजार एकशे सहा मुलं! मर्यादा आता सरासरी मुलाकडे बघून नाही, या मुलांकडे बघून ठरणार.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग जुन्या सालांच्या मुलाखतींचे कागद असलेल्या कपाटांच्या किल्ल्या मागवल्या.