खुंटाचं फळ

दि. ४ नोव्हेंबर

ती. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. नानांच्या पर्सिमनच्या झाडाला, ते गेल्यापासून आठ वर्षांनी, फळ धरलं म्हणून मी सगळ्यांना जेवणानंतर थांबवून ठेवलं होतं. नाना करायचे तशाच कडक फळाच्या फोडी केल्या आणि पहिली सासूबाईंच्या हातात दिली. त्यांची जीभ टाळूला अशी चिकटली की पाच मिनिटं त्यांना बोलता येईना. हे म्हणाले, असं फळ घरात कायम ठेवायला हवं. मला हसू आलं नाही.

नानांचं फळ पाटासारखं चपटं असायचं, झाडावरून काढलं की सफरचंदासारखं खाता यायचं, आणि त्यात बी नसायचं. हे गोल, लिंबाएवढं, आणि आत सहा-सहा बिया. नानांच्या झाडाचं तुम्ही काय केलंत? दादाला फोनवर विचारलं तर म्हणतो, झाडाचं तुझ्या वहिनीला ठाऊक. त्याला घरातलं कधी काय ठाऊक होतं म्हणा.

मागचं आवार नानांनी माझ्या नावावर केलं आहे, हे आठवणीत असेलच. एक डिसेंबरला लाकूडतोड्या येईल. जे नानांचं नाही ते माझ्या आवारात नको.

लोभ आहे तेवढाच राहू द्या, वाढायची अपेक्षा नाही.
आपली,
बेबी

दि. ९ नोव्हेंबर

चि. सौ. बेबीवन्सं यांस,
अ. आ.

खोक्यात वरच चिठ्ठी होती. मऊ होईपर्यंत खाऊ नये, सफरचंदाजवळ झाकून ठेवावं, आठ दिवसांत साखर होते, असं लिहिलं होतं. मी मॅट्रिकच आहे, पण अक्षर वाचता येण्यासारखं आहे. थांबणं तुमच्या पत्रिकेत नाही, त्याला माझा इलाज नाही. तुमच्या सासूबाईंना त्रास झाला याचं मात्र वाईट वाटतं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

झाडाचं काय केलं म्हणता, तर ऐका. उन्हाळाभर भांडी धुतल्याचं पाणी गाळून घातलं. बुंध्याशी वाळल्या पानांचा थर दिला, कारण त्याच्या मुळांशी कुदळ चालत नाही. एका वर्षी शेजारणीचं ऐकून खत जास्त घातलं तर सगळी फुलं गळली, तेव्हापासून हात आखडता घेतला. देवाचं करून झालं की पहिली फेरी त्या झाडाकडे. तुम्ही आठ वर्षांत दोनदा आलात.

तोडू नका एवढंच सांगते. कारण विचारू नका.

नातं टिकवायचं म्हणून लिहिते आहे, हे ध्यानात असू द्या.
तुमची वहिनी

दि. १५ नोव्हेंबर

ती. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

कारण विचारू नका म्हणालात, म्हणून दुसऱ्याला विचारलं. आमच्या इथल्या रोपवाटिकेच्या मालकाला एक फळ नेऊन दाखवलं. त्याने बिया पाहिल्या आणि लगेच सांगितलं की हे कलमाचं फळच नाही, खुंटाचं आहे. कलम ज्या रानटी रोपावर बांधतात त्याला खुंट म्हणतात. वरचं कलम कुणी कापलं तर खालून खुंट फुटतो, जोरात वाढतो आणि असली फळं देतो. कापणाऱ्याला अक्कल नव्हती, असं तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, अक्कल नसेल तर एक वेळ चालेल, मन साफ हवं.

म्हणजे नानांचं कलम तुम्ही कापलंत आणि आठ वर्षं झाड रुसलंय, झाड रुसलंय म्हणून आईला आणि मला खेळवलंत. आई त्या झाडाचं एक फळ मागत गेली. तुमची देवपूजा तुम्हालाच लखलाभ.

लाकूडतोड्याला मुळासकट काढायला सांगितलं आहे.

लोभाचं आता काही लिहीत नाही.
बेबी

दि. २१ नोव्हेंबर

चि. सौ. बेबीवन्सं यांस,
अ. आ.

रोपवाटिकेवाल्याचं सगळं खरं आहे. फक्त माणूस चुकला.

नाना गेले त्या थंडीत तुम्ही पाच दिवस राहिला होतात. पानं गळून झाड उघडं पडलं होतं. बुंध्यापासून दोन फांद्या निघत होत्या, एक वाकडी, खरबरीत, आखूड आणि दुसरी सरळसोट. तुम्ही म्हणालात, नानांच्या झाडाला ही वाकडी बांडगुळं कशाला पोसता, आणि करवत घेऊन वाकडी कापलीत. ते कलम होतं. सरळ होता तो खुंट. मी स्वयंपाकघरातून धावले, तर माझ्या सासूबाईंनी, तुमच्या आईंनी, माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "ती बापासाठी करतेय. तिला कधी कळू देऊ नकोस." देवापुढे नेऊन माझ्याकडून वचन घेतलं. फळ मागायच्या त्या तुमच्यासमोर, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. झाडाला फळ धरेना तेव्हा तुम्ही माझा हात कडू म्हणालात, नजर वाईट म्हणालात, मी गिळलं. माझ्या देवावर आलात, आणि आज वचन मोडलं. त्याचं पाप अर्धं तुमच्या पदरात.

त्या दिवशी तुमच्या ढिगातून मी सात काड्या उचलून ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. फेब्रुवारीत शेजारच्या माळ्याकडून सात रोपांवर बांधून घेतल्या. एकच जगली. न्हाणीघरामागच्या आमच्या पट्टीत आहे. यंदा तिला पहिल्यांदा तीन फळं आली. दोन देवापुढे ठेवली. तिसरं सोबत पाठवते. हे कडक खायचं.

झाड तुमचं आहे, तोडा. पण मुळं काढू नका, गुडघ्याएवढं ठेवायला सांगा. मग फेब्रुवारीत त्याच खुंटावर नानांचं कलम परत बांधता येईल. मुळासकट काढलंत तर मात्र चुकून नाही, जाणून तोडल्यासारखं होईल.

उत्तर एक तारखेच्या आत पाठवलंत तर उपकार.
तुमची वहिनी

दि. २८ नोव्हेंबर

ती. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

लाकूडतोड्याला फोन केला. गुडघ्याएवढं ठेवील. फांद्या तुमच्या चुलीला ठेवा.

फळ चपटं होतं. एकटीने खाल्लं, यांनाही दिलं नाही. बी नव्हतं.

आईने तुम्हाला विश्वासात घेतलं आणि मला नाही, हे मला जन्मभर सलेल. तुम्ही आठ वर्षं गप्प राहून मला मूर्ख ठरवलंत, ते मी विसरणार नाही. देवावरून बोलले ते परत घेते. बाकी काही परत घेत नाही.

फेब्रुवारीत येते. करवत आणि कात्री मी पोचायच्या आत कुलपात ठेवा. काडी तुम्ही धरा, दोरा मी गुंडाळीन.

लोभ सध्या तुरट आहे. सफरचंदाजवळ ठेवून बघा.
बेबी