फळ्याकडे तोंड

१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. पत्रातूनच पाया पडते, म्हणजे माझी कंबर वाचते आणि तुझा आशीर्वादही बुडत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे मी बरी आहे.

फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस. अगं, तो मेला फोनच कुचकामी झालाय. आवाज येतो, जातो, मधेच खरखरतो. दाखवते दाखवते म्हणते आणि राहून जातं. तोवर पत्रच बरं. पत्रात तू मधेमधे बोलत नाहीस, हा आणखी एक फायदा!

शाळेचं विचारलंस. आमची शाळा म्हणजे काय होती ते तुला ठाऊकच आहे. दहावीला निम्म्याहून जास्त मुलं नापास, आणि उरलेली कशी पास झाली ते देवालाच माहीत. मुलं मागच्या भिंतीवरून उड्या मारून जायची आणि आम्ही खिडकीतून बघत चहा प्यायचो. यंदाही निकाल असाच लागला तर शाळा बंद करून मुलं इतर शाळांत वाटून टाकायची, असं वरून लेखी आलंय. त्यातच जूनमध्ये नव्या मोठ्या बाई आल्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, अंगानं काटकुळ्या, पण चालतात अशा की कॉरिडॉर आपोआप रिकामा होतो. पहिल्याच दिवशी सकाळी फाटकात उभ्या! मला वाटलं, उशिरा येणाऱ्या मुलांना धरायला. कसलं काय, आम्हाला धरायला.

प्रयोगशाळेचं कुलूप त्यांनी फोडायला लावलं. किल्ली कित्येक वर्षं हरवलेली होती. (मी हरवली नव्हती, उगाच तसं समजू नकोस.) मग मुलांच्या डोळ्यांसाठी ते प्लास्टिकचे मोठे चष्मे आणले. मी म्हटलं, आता वर्गातून पाणबुडे तयार होणार वाटतं. सगळे हसले. त्याही हसल्या, आणि म्हणाल्या, "चष्म्याशिवाय एकही मूल आत येणार नाही."

पण खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं मुलांची. आपण खडू ठेवायचा आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचं. एका मुलानं पुढे येऊन आज शिकवलेलं आपल्या शब्दांत वर्गाला शिकवायचं. चुकलं तर आपण तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. मोठ्या बाईंचं म्हणणं, मुलाला शिकवता आलं तरच तुम्ही शिकवलंत. आमच्या गणिताच्या सरांनी खूप थयथयाट केला. आणि आता बघ, चाचणीत त्यांचाच वर्ग सगळ्यांच्या पुढे! भिंतीवरून कुणी उडी मारत नाही. कबूल करायला जिवावर येतं, पण शाळा सुधारतेय गं.

मला मात्र तो मागचा बाक नको वाटतो. मी आपली पुढच्याच बाकावर बसते. परवा मोठ्या बाई खिडकीतून दिसल्या आणि हातानं खूण केली, मागे जा. गेले. काय करणार? आजकालची मुलं पुटपुटतात, तोंड म्हणून उघडत नाहीत. मी सगळ्यांना 'शाब्बास' म्हणते. मुलं खूश, मी खूश. 'शाब्बास बाई' असं नावच पडलंय माझं.

लवकरच मोठ्या बाई माझ्या तासाला येऊन बसणार आहेत. हे कळल्यापासून रोज रात्री धडा पुन्हा पुन्हा वाचते. इतकी वर्षं शिकवतेय, असं कधी झालं नव्हतं. का, ते विचारू नकोस. वयामुळे असेल.

परवा आरशात बघितलं आणि आईच दिसली. शेवटी शेवटी खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघून हसायची ना, तशी. असो. काहीतरीच लिहीत बसले.

फोन करू नकोस. पत्र लिही.

तुझी धाकटी


३ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. भाचीचं लग्न ठरल्याचं तू मला फोनवर सांगितलं होतंस, आणि मी 'बरं, काळजी घे, गरम पाणी पीत जा' म्हणाले, असं लिहिलंयस. वाचून आधी हसू आलं. मग तुझी पुढची ओळ वाचली. 'तुला ऐकू येतं का गं नीट?'

नाही येत.

लिहून टाकलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अगदी ठार बहिरी नाहीये. माणूस समोर असेल, तोंड दिसत असेल, तर बरंचसं कळतं. पाठ वळली की संपलं. फोन चांगला धडधाकट आहे. बिघडलेय ती मीच.

कान दाखवून घ्यायचे होते. पण मग यंत्र लावावं लागलं असतं, सगळ्यांना दिसलं असतं, आणि मोठ्या बाई म्हणाल्या असत्या, घरी बसा. मी घरी बसून काय करू? भिंतींशी बोलू? त्या शाळेपलीकडे मला आहे तरी कोण? आणि आईचं आठवतंय ना तुला? ती 'काय गं?' विचारायची आणि आपण दोघी म्हणायचो, 'काही नाही.' पुन्हा सांगायचा कंटाळा. मग तिनं विचारणंच सोडलं. नुसती हसायची. मला ती खुर्ची नको होती, ताई. म्हणून मीही कुणाला 'काय?' म्हणून विचारलं नाही. 'शाब्बास' म्हणत राहिले.

आता जे झालं ते ऐक.

माझ्या नववीत एक मुलगी आहे, सगळे तिला भिंगरी म्हणतात. एका जागी ठरत नाही, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मागच्या आठवड्यात शेवटच्या दहा मिनिटांना ती पुढे आली. तीव्र अ‍ॅसिड पातळ कसं करायचं, ते तिनं सांगायचं होतं. मी मागच्या बाकावर. ती फळ्याकडे तोंड करून चित्र काढत बोलत होती. बीकर काढलं, त्यात रेघा मारल्या. मला दिसत होती फक्त तिची वेणी. थांबली आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शाब्बास. अगदी बरोबर."

तिनं उलटं सांगितलं होतं; हे मला नंतर, प्रयोगात तिनं काय केलं त्यावरून कळलं. पाण्यात अ‍ॅसिड थेंबथेंब सोडायचं असतं. अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतलं तर ते भसकन उकळून अंगावर उडतं. हे मी अर्धं आयुष्य शिकवतेय. त्या दिवशीही आधी मी बरोबरच शिकवलं होतं. पण बाईंनी 'अगदी बरोबर' म्हटल्यावर पोर ते कशाला आठवेल?

दोन दिवसांनी प्रयोग होता. मी एका टेबलाशी, भिंगरी माझ्या पाठीमागच्या टेबलाशी. मी समोरच्या पोरांना नळी कशी धरायची ते दाखवत होते. आणि एकदम त्यांचे डोळे बदलले, ताई. सगळ्यांचे, एकाच वेळी. ते माझ्या मागे बघत होते. मी वळले तोवर भिंगरी खाली बसली होती आणि तिचं तोंड उघडं होतं. ती किंचाळत होती, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. काहीच.

मोठ्या बाई त्यांच्या खोलीतून धावत आल्या. त्यांची खोली कॉरिडॉरच्या पार त्या टोकाला. तिथवर ऐकू गेलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनीच तिचा हात नळाखाली धरला. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलाय, मानेवरही थोडं आहे. चष्म्याच्या काचेवर थेंब उडालेले मी बघितले. मी ज्याला हसले होते, तोच चष्मा. अजून डोळे मिटले की ते थेंब दिसतात.

नंतर मोठ्या बाईंनी विचारलं, "त्या दिवशी हिनं वर्गात नीट सांगितलं होतं?"

आणि मी म्हटलं, "हो."

वर्ग गप्प. भिंगरीही गप्प. म्हणजे काय झालं, तर पोरगी धांदरट, तिनं हलगर्जीपणा केला. तिची आई म्हणते, शाळेतून काढूनच घेते. आणि संस्थेच्या अध्यक्षांना तर निमित्तच हवं होतं. शनिवारी सभा आहे. ती दहा मिनिटं बंद, प्रयोगशाळेला पुन्हा कुलूप, आणि मोठ्या बाईंना नारळ, असं शिक्षकांच्या खोलीत सगळे बोलताहेत. निदान त्यांच्या ओठांवरून तरी मला असंच वाटतंय.

मी बोलले तर माझी नोकरी गेली. गप्प बसले तर त्या पोरीच्या कपाळी हे कायमचं, आणि कुठे शाळा उभी राहत होती, ती पुन्हा खड्ड्यात. मला सगळं कळतं गं. पण जीभ उचलत नाही. कुणी खांद्याला हात लावला तरी दचकते.

तुझं उत्तर येईपर्यंत शनिवार होऊन जाईल. तरी लिही.

तुझी धाकटी


९ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. जिवंत आहे. पहिलं हे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर भिंगरीच्या घरी गेले. कशाला गेले, माझं मलाच कळत नव्हतं. दोन खोल्यांचं घर, दारात चपलांचा ढीग. तिच्या आईनं मला बसा म्हटलं नाही, पण हाकलूनही दिलं नाही. भिंगरी कॉटवर होती, हाताला पट्टी. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, माझा राग आला असेल. तर ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली!

माझ्याकडे नीट तोंड करून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "बाई, मी मुद्दाम फळ्याकडे तोंड केलं होतं."

म्हटलं, "म्हणजे?"

"माझा अभ्यास झाला नव्हता. वर्गात सगळ्यांना माहितीये. ज्याचा अभ्यास नसेल त्यानं फळ्याकडे तोंड करून काहीही बोलायचं. बाईंना ऐकू येत नाही. बाई शाब्बास म्हणतातच." मग रडायला लागली. "पण त्या दिवशी तुम्ही 'अगदी बरोबर' पण म्हणालात. मला वाटलं, या वेळी तुम्हाला ऐकू आलं. म्हणजे माझं खरंच बरोबर होतं."

ताई, सगळ्यांना ठाऊक होतं. मी जीव मुठीत धरून जे लपवत होते, ते नववीच्या पोरांनी केव्हाच वाटून घेतलं होतं. आणि ती पोरं गप्प होती ती त्यांची ही युक्ती उघडी पडेल म्हणून. मी गप्प होते माझी उघडी पडेल म्हणून. त्या पोरीचा हात तेवढा मधे आला.

तिथून तशीच शाळेत परत, मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या निघायच्या बेतात होत्या. न विचारता खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. 'हो' म्हटलेलंही. तू त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. मला वाटलं होतं, चांगल्या आहेत, समजून घेतील. कसलं काय! त्या पेटल्या. पण एक केलं, खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसल्या आणि मगच बोलल्या. "मी तो नियम मुलं चुकावीत म्हणून केला होता. चुकतील आणि तुम्ही दुरुस्त कराल म्हणून. तुम्ही एकदा, फक्त एकदा 'काय?' असं विचारलं असतं तरी ती पोर भाजली नसती."

मी मान खाली घातली. त्यांनी टेबलावर हात आपटला, मी वर बघावं म्हणून. मग म्हणाल्या, "उद्या सभेत हे तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

सांगितलं. लांब टेबल, सगळे एका बाजूला, मी एकटी दुसरीकडे. कुणी काही विचारलं की मी म्हणायचे, "काय? पुन्हा सांगा. माझ्याकडे बघून सांगा." अध्यक्ष वैतागले, पण सांगावं लागलं त्यांना. भिंगरीवरचा ठपका गेला. तिच्या आईनं सभा संपल्यावर माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पोर शाळेत येणार आहे. दहा मिनिटं चालू राहणार. मोठ्या बाई राहणार, निदान निकाल लागेपर्यंत तरी.

माझं अजून ठरलेलं नाही. प्रयोगशाळा काढून घेतली. कानांची तपासणी होईपर्यंत वर्गही नाही. उद्या सकाळी तपासणी आहे. डॉक्टर यंत्र देतील, की यंत्राचाही उपयोग नाही म्हणतील, की शाळाच नको म्हणेल, काही माहीत नाही. ताई, मला फार भीती वाटते. लहानपणी अंधारात जिना चढताना मी तुझा फ्रॉक मागून धरायचे ना, तशी वाटते. या वेळी धरायला समोर कुणी नाही.

एक मागणं आहे. हे पत्र मिळालं की त्याच संध्याकाळी फोन कर. मी उचलेन. तुझं तोंड दिसणार नाही, म्हणून मला बहुतेक काही कळणार नाही. मी 'काय?' विचारेन. पुन्हा विचारेन. तू कंटाळशील.

ताई, 'काही नाही' म्हणू नकोस.

तुझी धाकटी