चौकशीबाईंचा फोन

१८ जुलै, सातवी

आज वर्गात एक बाई आल्या आणि सगळ्यांचे फोन नंबर घेऊन गेल्या! म्हणाल्या, आता वर्षातून दोनदा फोन करणार — थेट बारावीनंतर कॉलेजात नाव लागेपर्यंत. कोण पुढे शिकतंय, कोण मधेच गळतंय, ते त्यांच्या संस्थेला बघायचंय. "आणि शाळेकडूनही माहिती घेते बरं का," हेही वर. जाताना प्रत्येकाला ऑफिसच्या पत्त्याचं कार्ड दिलं.

मी त्यांचं नाव ठेवलं — चौकशीबाई. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर झालं.

९ जानेवारी, आठवी

चौकशीबाईंचा फोन. दर वेळी तेच — "चौकशीसाठी फोन केलाय. कसं चाललंय?" म्हटलं, बरं. "बरं म्हणजे?" म्हणजे बरं! आईलासुद्धा एवढे प्रश्न पडत नाहीत.

२१ जुलै, नववी

फोन. बरं.

११ जून, दहावीचा निकाल

गणितात नापास. बाकी सगळ्यात पास, गणितात नापास.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती कपाट आवरत बसली. मामा म्हणाला, "पुन्हा बस की परीक्षेला, त्यात काय!" त्याला काय जातंय सांगायला? पुन्हा त्याच शाळेत, त्याच बाकावर, सगळ्यांच्या देखत — मी नाही जाणार. नाही म्हणजे नाही.

५ ऑगस्ट, इयत्ता — कुठलीच नाही

मामाच्या लाँड्रीत जाते. डागांचं काम माझ्याकडे. चहा, शाई, तेल, गंज — लोक काय काय सांडून घेतात अंगावर!

आज तिथेच चौकशीबाईंचा फोन आला. "कसं चाललंय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "अकरावीला आहे. सायन्सला." का म्हणाले असं? माझं मलाच कळलं नाही.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "अस्सं! मग सध्या काय शिकवतायत?" आली का पंचाईत! समोर गंजाच्या डागावरची बाटली होती. लेबल वाचून दाखवलं — ऑक्झॅलिक आम्ल. "त्याचा उपयोग काय?" हे मात्र मला येत होतं! पांढऱ्या कपड्यावर गंजाचा डाग पडला की हे लावायचं, जरा थांबायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं. डाग गुल.

"का जातो गं?"

बाटली उलटीपालटी करून पाहिली. लेबलवर ते नव्हतं.

"पुढच्या फोनला सांग," म्हणाल्या.

मामा इस्त्री सोडून दात काढत होता. "खोटं बोलताना किती गोड आवाज होतो गं तुझा!"

१२ ऑगस्ट

मामाला विचारलं, गंजाचा डाग का जातो? "जातो म्हणून जातो. तुझ्या जन्माआधीपासून जातोय."

हे काय उत्तर झालं?

३ सप्टेंबर

रद्दीवाल्याकडे अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक मिळालं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते. अर्धं डोक्यावरून जातं. आणि जरा कुठे रंगावं तर समीकरण! इथेही गणित आलंच मेलं.

आईनं पाहिलं. आज तिनं कपाट आवरलं नाही.

२० जानेवारी

बाईंचा फोन. सांगून टाकलं — ते आम्ल गंजातल्या लोखंडाला धरतं, आणि दोघं मिळून पाण्यात विरघळून निघून जातात. "वा!" बाई म्हणाल्या. इतक्या मनापासून, की मला माझीच लाज वाटली. कोणाला फसवतेय मी?

संध्याकाळी शाळेत जाऊन गणिताच्या परीक्षेला नाव घालून आले. मामाला सांगितलं, तर म्हणतो, "मी आधीच म्हणालो होतो!" म्हणू दे.

२८ जून

पास! काठावर, पण पास! आई हसली, मग रडली, मग मलाच रागावली — "एवढ्यासाठी वर्ष घालवलंस!"

१४ जुलै, अकरावी (खरी!)

नवीच भानगड. बाईंच्या लेखी मी आता बारावीत! माझं खोटं माझ्यापुढे एक इयत्ता पळतंय. पुढच्या वर्षी त्या कॉलेजचं विचारणार. मग? आई म्हणाली, "खरं सांगून मोकळी हो." होते. पुढच्या फोनला नक्की.

२ ऑगस्ट

फोन आला, नव्याच नंबरवरून. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "अकरावी झेपतेय ना?"

अकरावी! गेल्या वर्षी अकरावी, यंदाही अकरावी — बाईंच्या यादीत गडबड आहे! सुटले! खरं सांगायचं राहून गेलं ते गेलंच. बोलताना मागे कुकरची शिट्टी झाली. ऑफिसात स्वयंपाक करतात की काय या?

१६ जानेवारी, बारावी

फोन. "बारावी कशी चाललीय?" यादी अजून चुकलेलीच. देव त्यांचा गोंधळ असाच ठेवो.

आज मीच खूप बोलले. कॉलेजात सगळे हुशार असतील, मी तिथे कशी टिकणार, वगैरे. बाई म्हणाल्या, "'का' विचारणारी मुलगी टिकते." फोन ठेवल्यावर बरं वाटलं. नुसतं "बरं" नाही, खरंच बरं.

९ जुलै

रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला!! मामानं दुकानात पेढे असल्यासारखा साबण वाटला. गिऱ्हाइकं गोंधळली.

४ ऑगस्ट, प्रथम वर्ष

ओळखपत्र दाखवायला आणि खरं सांगायला बाईंच्या ऑफिसात गेले. सातवीतलं कार्ड होतंच. पत्ता तोच, पण तिथे दातांचा दवाखाना! तिथली नर्स म्हणाली, "ती मुलांची संस्था? ती बंद पडून तीन वर्षं होत आली."

तीन वर्षं. म्हणजे मी लाँड्रीत होते तेव्हापासून. यादीच नव्हती, तर गडबड कशी असेल? शाळेकडून बाईंना सगळं कळलेलं होतं. पहिल्यापासून.

जिन्यात बसून त्या कुकरवाल्या, घरच्या नंबरवर फोन लावला. आजवर मी कधी लावलाच नव्हता. बाईंनी उचलला.

"चौकशीसाठी फोन केलाय," मी म्हटलं. "तुमचं कसं चाललंय?"