दुखणं राहतं, धास्ती जाते

आई, अठ्ठ्याऐंशी साली तू माझ्या बाळंतपणासाठी व्हर्जिनियाला आलीस, बॅगेत कपड्यांपेक्षा डिंक आणि अळीवच जास्त. पाठीवर नागीण उठून गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. फोड केव्हाच सुकले होते, आग मात्र तशीच होती. पदरसुद्धा तिथे टेकू द्यायची नाहीस. आणि पुन्हा कळ येईल या धास्तीने तू घराबाहेरच पडेनाशी झाली होतीस. मी लॅबमध्ये रोज तेच तर बघत होते. पाय दुखत राहावा म्हणून नस बांधलेला उंदीर उंच लाकडी पट्ट्यांवर सोडला, की तो भिंती असलेल्या बाजूला दडून बसायचा, उघड्या बाजूला यायचाच नाही.

एका संध्याकाळी तू ओट्याशी अळीव भिजत घालते आहेस आणि मी मोठ्या उत्साहाने सांगते आहे, की मेंदूतला एक छोटासा भाग निकामी केला तर काही उंदीर बदलतात. पायाला हात लावला की पाय ओढून घेतात, पण दडून बसत नाहीत.

"म्हणजे दुखणं राहतं आणि धास्ती जाते?"

"साधारण तसंच. अजून कन्फर्म व्हायचंय."

"मग माझं पण तेवढं करून टाक."

तुझे जावई खो खो हसले. "आई, ॲप्लिकेशन द्या, वेटिंग लिस्ट मोठी आहे!"

मीही हसले. "अगं, माणसांवर नाही करत असलं काही."

"उंदरांचं नशीब," म्हणालीस आणि वाटीवर झाकण ठेवलंस.

त्यानंतर पाठीचा विषय तू कधी काढला नाहीस. परत गेल्यावर पत्रातून 'माझं बरं आहे' एवढंच यायचं, आणि मी ते मान्य करून टाकायचे. पुढे सगळी नोकरी मी मेंदूच्या त्याच भागावर काढली. कौतुक झालं, पण तुला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, याचं फार वाईट वाटतं. औषध तेव्हा माझ्याकडे नव्हतं, हे खरंच. पण शेजारी बसून 'कशाची एवढी भीती वाटते गं?' असं विचारायला औषध कशाला लागत होतं?

हे अजूनही पार्टीत तो किस्सा सांगतात, आमच्या सासूबाई भारी विनोदी म्हणून. लोक हसतात. तू विनोद करत नव्हतीस, आई. मला ते ओट्याशीच कळलं होतं, म्हणून तर मी घाईघाईने हसले.