नगरदेव दोन, तालुका एक

आदरणीय मोठ्या मामांना भाचा यान शूहंग याचा वाकून नमस्कार.

तुमचा खोकला उतरला असेल, मामींचा गुडघा वळू लागला असेल आणि बदकं अंडी देत असतील, असं धरून चालतो. इकडे आई ठणठणीत आहे (काल शेजारणीशी अंगणाच्या झाडलोटीवरून भांडली आणि आवाज पार पुलापर्यंत गेला, म्हणजे छाती शाबूत आहे). तुमच्या नातीचं, आमच्या छुनयिंगचं लग्न बाराव्या महिन्यात ठरलं होतं. 'होतं' असं का म्हणतो ते पुढे येतं. जरा लांबण लागेल, तेव्हा चहा ओतून बसा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला तालुक्याचा नवा इतिहास लिहिणाऱ्या मंडळात घेतलं, हे तुम्हाला मागे कळवलंच होतं. वाटणीत एकाला मासे मिळाले, एकाला पूर, एकाला लोकगीतं. मला मिळाला 'कारभाराचा इतिहास'. म्हणजे कोणत्या घराण्याच्या काळात आपला मिंगथान तालुका कुणाच्या हाताखाली होता. वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला, मेलेल्या राजांबद्दल लिहायचं, कोण येतंय भांडायला! थांग घराण्याने तालुका केला. सोंगांनी पाहिलं की इथे माणसांपेक्षा कारकून जास्त, म्हणून तो मोडून तुमच्या आनपू तालुक्याला जोडला, आणि कंटाळून पुन्हा उभा केला. मंगोलांनी त्याला बढती दिली, मिंगांनी ती काढून घेतली. छिंगांनी हात लावला नाही, त्यांचे उपकार. आजची कचेरी मिंगांपासून जागची हललेली नाही. पण त्याआधी, सोंगांच्या काळात, तालुक्याचं ठाणं कुठे होतं? जुन्या ग्रंथात एवढंच आहे की नदीच्या उत्तर काठावर. आणि नदीने, मामा, तेव्हापासून दोनदा कूस बदलली आहे.

त्यामुळे शिझाय गाव म्हणतं ठाणं आमच्याकडे होतं, आणि हुआइपो म्हणतं आमच्याकडे. पुरावा दोघांचा एकच, नगरदेवाचं देऊळ. जिथे तालुक्याचा अंमलदार बसतो तिथेच नगरदेव बसणार, तो मेलेल्यांचा अंमलदार, हे पोरंसोरंही जाणतात. आता शिझायच्या देवळात शेवया वाळत घालतात आणि हुआइपोच्या देवळात तेलाचा घाणा आहे, पण देव दोन्हीकडे आहे. एका तालुक्याला दोन नगरदेव म्हणजे एकजण तोतया. देवाला तोतया कोण म्हणणार? ज्याचं निवृत्तिवेतन सुरू झालंय तो.

शिझाय हे तुमच्या भाचेसुनेचं, म्हणजे माझ्या बायकोचं माहेर. आणि छुनयिंगचा नवरामुलगा हुआइपोचा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती मी दोन्ही एकाच वेळी पाहिली. मुलाचे आजोबा, छ्यू म्हातारे, घरी येऊन शांतपणे सांगून गेले की ज्या घरात आमच्या देवाला खोटं ठरवलं जाईल त्या घरची मुलगी आम्ही कशी न्यायची. दुसऱ्याच दिवशी मेहुणा पेंग आला. तो एवढंच म्हणाला की भाचीच्या लग्नात मामाची खुर्ची रिकामी दिसली तर लोक विचारतील, आणि मी खरं ते सांगेन. बायकोने फक्त भाजीत मीठ घालणं सोडलं. आणि छुनयिंग, जी कधी हट्ट करत नाही, ती शिवायला घेतलेली उशी तशीच टाकून खिडकीशी बसून राहिली. मामा, मला पोरीचं तेवढं बघवेना. राजे गेले खड्ड्यात, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा.

मसुदा पक्का करण्याआधी गावोगावच्या लोकांना बोलावून वाचून दाखवायचा, अशी रीत आहे. दोन्ही गावांची मंडळी कचेरीच्या दिवाणखान्यात भिंतीला पाठ लावून समोरासमोर बसली. मध्ये सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या होत्या, कुणी हात लावला नाही. माझं प्रकरण आलं. मी घसा खाकरला आणि वाचलं की सोंग काळात तालुका आनपूला जोडला गेला तेव्हा ठाणंही तिकडेच गेलं, तालुका पुन्हा उभा राहिला तरी ते तिथेच राहिलं, आणि ते बहुधा आजच्या आनपू तालुक्यातल्या सांगयुआन गावी असावं, असं तिथले वडीलधारे सांगतात.

मग छ्यू म्हातारे म्हणाले, "म्हणजे आनपूवाल्यांनी आमचं ठाणं पळवलं?"

"आमचं म्हणजे कुणाचं?" मेहुणा म्हणाला.

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, बियांची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "आपलं हो. आपलं."

त्यानंतर माझं काही कामच उरलं नाही. दोघं एकाच बाकावर बसून आनपूच्या लोकांची कुळी उद्धरू लागले (क्षमा असावी, त्यात तुमचीही आली). तुमच्याकडचा भात कसा चिकट नसतो, तुमच्याकडचे लोक मीठ मागून नेतात ते परत करत नाहीत, सगळं निघालं. संध्याकाळी मेहुण्याने म्हाताऱ्यांना आपल्या ट्रॅक्टरवर बसवून घरी सोडलं. लग्न पुन्हा ठरलं. भाजीत मीठ आलं, जरा जास्तच. छुनयिंगने उशी शिवायला घेतली आहे.

मामींना नमस्कार. थंडी वाढतेय, उघड्या अंगाने बदकांमागे फिरू नका.

तुमचा भाचा,
यान शूहंग

ता. क. : पत्र लिहिण्याचं मूळ कारण राहूनच गेलं. सांगयुआनमधले वडीलधारे म्हणजे कोण, हे मंडळींनी शोधून काढलं आहे. तुम्ही. येत्या बाजाराच्या दिवशी दोन्ही गावांची माणसं जाब विचारायला ट्रॅक्टरने तुमच्या दारी येत आहेत. मामा, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. शेजाऱ्याने दोनदा मागितलं म्हणून बांधावरचं तुतीचं झाड देऊन टाकणारे तुम्ही. पण या वेळी हात जोडतो, नमू नका. "असेल बाबा तुमचंच" एवढं जरी म्हणालात, तर ट्रॅक्टर परत फिरायच्या आत ते एकमेकांना विचारतील की तुमचंच म्हणजे कुणाचं, आणि माझी पोर पुन्हा खिडकीशी. लग्न होईपर्यंत तेवढं भांडा. शिव्या द्यायला जमत नसेल तर मामींना पुढे करा.

पुन्हा ता. क. : आयुष्यात पहिल्यांदा मी इतिहासात खोटं लिहिलं, म्हणून मन खात होतं. हे पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, खोटं कसलं? आमच्या आजोबांनी माहेरच्या तुतीच्या शेतातून कौलं आणि दगड काढले होते, त्यातलाच एक मी लग्नात इथे आणला, मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यावर दाब द्यायला. मी जाऊन रांजणात हात घातला आणि दगडाच्या खालच्या बाजूने बोटं फिरवली. मोठी, खोल, सरकारी अक्षरं आहेत, मामा. 'मिंगथान तालुका कचेरी, पूर्व दरवाजा', आणि खाली सोंगांचं साल. तुमच्या घरामागची ती कोरडी खाच म्हणजे नदीचं जुनं पात्रच असणार. तेव्हा तुम्ही बेधडक भांडा, बाजू तुमचीच खरी आहे. पुराव्याचा दगड मात्र सोबत पाठवता येत नाही. मी तो उचलायला गेलो तर आईने हातावर पळी मारली. म्हणाली, "लग्नाचं लोणचं आहे ते, अजून मुरायचंय. दगड काढलास आणि ते नासलं, तर वऱ्हाडाला काय वाढू, सोंग घराणं?"