गोधड्यांतली बासुंदी

श्रीगोंदे,
अधिक वैशाख, शके १८९४

तीर्थस्वरूप नृसिंहदादांस शामकांतचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल (माझ्यापुरता खुलासा पुढे येईलच). तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? इथे ऊन असं पडलंय की दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही.

आजचं पत्र तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. दचकू नका, तक्रार नाही, तारीफ आहे. इतकी वर्षं संसार करून ती तुम्हांला कधी कळवली नव्हती. आमचं स्वयंपाकघर म्हणजे दमयंतीची मामलत. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत, भाजीवर जाळी, ताकाच्या भांड्याला ओलं फडकं. सकाळची आमटी संध्याकाळी खळखळून उकळल्याशिवाय पानात येत नाही आणि उन्हाळ्यात रात्रीचं उरलेलं सकाळी माणसाच्या तोंडी लागत नाही. (मी एकदा शिळ्या पिठल्याची बाजू घेतली होती. पिठलं शेजारच्या म्हशीकडे गेलं आणि मी उपाशी कचेरीत.)

तर गेल्या आठवड्यात लीना आणि जावईबापू धोंड्याच्या जेवणाला यायचे होते. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, त्यात लीनाला दिवस गेलेले, मग काय विचारता! हिनं पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, आटीव बासुंदी असा घाट घातला. पानं मांडायची वेळ झाली आणि एस.टी.चा कंडक्टर दारात उभा. “सायेब, पाव्हन्यांची दौंडला गाडी चुकली. उद्या सकाळच्यानं येत्यात.” मी म्हटलं, त्यात काय, झाकून ठेव आणि उद्या तेच वाढ, जावयाला काय कळतंय! हिनं सरळ आळीतली माणसं बोलावली आणि गरम गरम सगळं वाढून मोकळी झाली. शेजारच्या भागूबाई हात धुताना म्हणाल्या, “आन् वहिनी, उद्या पाव्हन्यांना वो?” ही म्हणाली, “उद्या पुन्हा करीन.” या उन्हात, दादा! पुन्हा पुरण शिजवायचं, पुन्हा पाट्यावर वाटायचं! मला तर ऐकूनच घाम फुटला.

पण माझा जीव बासुंदीत अडकला होता. अशी घट्ट, केशरी बासुंदी आळीनं ओरपावी? मी एक डबा गरमागरम भरून घेतला, झाकण गच्च लावलं आणि हिच्या नजरेस पडू नये म्हणून गोधड्यांच्या ढिगात आत खोल दडवला. (जागा उत्तम होती. तिथं मुंगीसुद्धा गेली नाही.)

दुसऱ्या दिवशी दूध जेमतेम मिळालं, म्हणून हिनं बासुंदीऐवजी खीर केली होती. जावईबापू पाटावर बसले, रांगोळी, उदबत्ती, सगळं यथासांग. मी म्हटलं, आता आपला डाव. डबा काढला आणि त्यांची वाटी काठोकाठ भरली. ही धोंडे तळत होती. वास कसा आला कोण जाणे, पण झारा टाकून आली आणि जावयाच्या ओठाशी गेलेली वाटी तिनं काढून घेतली! अधिक महिन्यात, जावयाच्या हातातली! जावईबापूंचे कान लालबुंद. रुसून पाटावरून उठले. लीना रडकुंडीला आली. मग थोडी गडबड झाली आणि डब्यातली राहिलेली बासुंदी मी पिऊन टाकली. अन्नाचा अपमान नको, एवढाच हेतू.

पुढचं सविस्तर लिहिण्याजोगं नाही. जावईबापू ओट्यावर फुगून बसले होते आणि मी त्यांच्यासमोरून तांब्या घेऊन सारखा ये-जा करत होतो. आधी ते बघत राहिले, मग हसू आवरेना, मग मात्र घाबरून तेच डॉक्टरांना घेऊन आले. परत आल्यावर सासूच्या पाया पडले आणि पुन्हा पाटावर बसून पोटभर जेवले. मी कॉटवरून धोंड्यांचा वास घेत होतो.

संध्याकाळी मी हिला विचारलं, बाई गं, जावयाच्या कानात हळूच सांगितलं असतंस तर? ती म्हणाली, “ते पुरुष माणूस, निभावून नेतील. पण त्याच ताटात मागून लीना जेवायला बसणार होती.” दादा, वाटी भरताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला अगदी भरून आलं. तुमच्या घरानं मला काय दिलंय ते मला त्या दिवशी कळलं.

आपला,
शामकांत

ता. क. सोमवारी कचेरीच्या कामानं नगरला येतो आहे. इथे मला ताकभाताशिवाय काही दिसत नाही. वहिनींना तेवढं बासुंदीचं सांगून ठेवा. बहिणीला मात्र कळवू नका.

ता. क. २. दादा, नमस्कार. पाकीट चिकटवायला खळ माझ्याकडेच मागितली, म्हणून वाचलं. यांची ती ‘थोडी गडबड’ मी सांगते. रुसून उठताना जावयांनी डबा लीनाच्या हातात दिला, “तुला डोहाळे आहेत ना, तू तरी खा.” नवरा रागावलेला, पोरीनं निमूटपणे तोंडाला लावला. मी हातात वाटी घेऊन तशीच उभी, जावयाला दुसऱ्यांदा कसं अडवू? यांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि आम्ही बघेपर्यंत रिकामा केला. वास यांनाही आला होता. मी यांचं तोंड बघत होते. सोमवारी वहिनीला बासुंदी करायला सांग. तिला म्हणावं, ताजी कर, समोर बसवून वाढ, आणि उरली तर यांच्याबरोबर डबा देऊ नकोस.
— दमी